पटाशीला पाणी देताना

समजा तुम्ही जालना जिल्ह्यातील तीर्थपुरीला राहता आणि सुतारकामासाठी स्वतःची पटाशी घडवावी असे सुट्टीत तुमच्या मनात आले आहे. घरामागे लोखंडाचे दोन तुकडे पडले आहेत. एक आहे स्लॅबच्या कामातून उरलेली सळई, बहुधा जालन्याच्याच एखाद्या कारखान्यात तयार झालेली. दुसरी आहे दात झिजलेली जुनी कानस. यांतील कोणता तुकडा घ्याल?

सळईची पटाशी बाभळीच्या लाकडावर चालवलीत, तर चार ठोक्यांतच तिची धार वळेल. कानशीची पटाशी नीट घडवली, तर वर्षानुवर्षे काम देईल. या फरकाचे कारण कार्बन. सळईत तो साधारण पाव टक्का किंवा त्याहूनही कमी असतो. चांगल्या कानशीत एक टक्क्याच्या आसपास किंवा थोडा अधिक.

एवढ्याशा कार्बनने एवढा फरक कसा पडतो? नेहमीच्या तापमानाला लोखंडाचे अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर व एक मध्यभागी असे रचलेले असतात. या रचनेत कार्बनच्या अणूला शिरायला जवळजवळ जागाच नसते. पोलाद ७२७ अंश सेल्सिअसच्या पुढे तापले, की ही रचना बदलू लागते. आता कोपऱ्यांखेरीज घनाच्या सहाही पृष्ठांच्या मध्यावर अणू येतात. या रचनेत कार्बन, पाण्यात साखर विरघळावी तसा विरघळतो.

असे पोलाद सावकाश निवू दिले, तर कार्बन वेगळा होतो व पोलाद मऊ राहते. पण ते लाल असतानाच एकदम पाण्यात बुडवले, तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आत अडकतो, अणूंची जाळी ताणली जाते आणि पोलाद अतिशय कठीण होते. आडोल्फ मार्टेन्स या जर्मन धातुशास्त्रज्ञाच्या नावावरून या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात. आपले लोहार या क्रियेला ‘पाणी देणे’ म्हणतात.

आता कृती पाहू. कानस आधी लाल तापवून राखेत पुरावी व रात्रभर निवू द्यावी. मऊ झाल्यावर तिचे उरलेले दात घासून काढावेत. नाहीतर ठोकताना ते आत दुमडले जाऊन तेथे तडे पडतात. मग कोळशाच्या भट्टीत नारिंगी रंगापर्यंत तापवून ऐरणीवर घडवावी. रंग काळपट लाल झाला की ठोकणे थांबवून पुन्हा तापवावी. भट्टीत ठिणग्या उडू लागल्या, तर पोलाद जळू लागले असे समजावे.

पाणी देण्याइतके पोलाद तापले हे कसे ओळखावे? येथे तारेला टांगलेला लोहचुंबक उपयोगी पडतो. सुमारे ७७० अंशांना लोखंड चुंबकाकडे ओढले जात नाही. चुंबक ओढ घेईनासा झाला, की पटाशी आणखी किंचित तापवावी आणि पाण्यात बुडवावी.

पण थांबा! अशी पटाशी काचेसारखी ठिसूळ असते. ठोका बसताच कपची उडून डोळ्यात जाऊ शकते. म्हणून लोहार ती पूर्ण बुडवत नाही. टोकाकडचा सुमारे इंचभर भाग बुडवून बाहेर काढतो व विटेच्या तुकड्याने घासून चकचकीत करतो. मागच्या भागातील उष्णता हळूहळू टोकाकडे येते आणि पोलादावर रंग सरकू लागतात. सुमारे २३० अंशांना गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि ३०० च्या सुमारास निळा. गवती पिवळा रंग धारेपर्यंत पोचला, की पटाशी पूर्ण बुडवायची. अडकलेल्या कार्बनपैकी थोडा सुटतो, ताण कमी होतो. धार टिकते आणि ठिसूळपणा जातो.

हे रंग येतात कुठून? पोलादावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर जमतो. त्याच्या वरच्या व खालच्या पृष्ठांवरून परावर्तित झालेल्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात. ओल्या रस्त्यावरील तेलाच्या तवंगाला रंग येतात तेही याच कारणाने. थर जाड होत जातो, तसा रंग बदलतो.

आता पुन्हा त्या सळईकडे वळू. टी. एम. टी. सळई रोलिंग मिलमधून सुमारे १,००० अंशांना बाहेर पडते आणि क्षणभर पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांतून जाते. बाहेरची साल कठीण होते, गाभा मात्र तापलेलाच राहतो. त्याची उष्णता बाहेर येऊन सालीचा ठिसूळपणा घालवते. लोहाराची युक्ती ती हीच! मात्र कार्बन कमी असल्यामुळे साल पटाशीइतकी कठीण होत नाही. तशी व्हायलाही नको; भूकंपात सळईने वाकावे, तुटू नये.

हे सारे शाळेत शिक्षकांसमोर शिवणाच्या तीन सुयांवर पडताळता येईल. चिमट्यात धरून तिन्ही सुया ज्योतीत लाल करा. पहिली ज्योतीतून अगदी सावकाश वर काढा. दुसरी व तिसरी चटकन पाण्यात बुडवा. तिसरी वाळू-कागदाने घासून निळी होईपर्यंत पुन्हा हलकेच तापवा. निवल्यावर तिन्ही जाड फडक्यात गुंडाळून एकेक वाकवा. पहिली वाकून तशीच राहील, दुसरी कटकन तुटेल, तिसरी वाकून पुन्हा सरळ होऊ पाहील.

डोळ्यांवर चष्मा हवाच. जस्ताचा मुलामा असलेले लोखंड भट्टीत मुळीच घालू नका. त्याचा धूर घातक असतो. आणि पहिली पटाशी घडवताना जवळच्या लोहारकाकांना शेजारी उभे करा. त्यांना एवढेच विचारा, “काका, कोणता रंग आल्यावर बुडवायची?” त्यांनी सांगितलेला रंग वहीत लिहून ठेवा आणि तो किती अंशांचा, हे ओळखून पाहा.