वसईत फ्लॅट घेताना धर्म कुठे आडवा येतो? सोसायटी, बँक आणि जप्तीचा हिशोब

गोष्ट आहे २०१६ च्या सप्टेंबरमधली. वसईतल्या एका छोट्या सोसायटीत एका हिंदू कुटुंबाला फ्लॅट विकायचा होता. गिऱ्हाईक मिळालं. पण घेणारं कुटुंब मुस्लिम आहे म्हटल्यावर सोसायटीतल्या बहुतेक सदस्यांनी सह्या करून विरोध कळवला. प्रकरण पोलिसांत गेलं, गुन्हा दाखल झाला आणि वसईची बातमी देशभर पोचली.

ही बातमी झाली, कारण विरोध लेखी होता. एरवी असं काही कागदावर येतच नाही. ब्रोकर फोनवर आधी पूर्ण नाव विचारतो आणि नंतर "मालकांचा विचार बदललाय" एवढंच कळवतो. मुस्लिम नावाला हे जसं ऐकावं लागतं, तसं दलित आडनावालाही. आता "विचार बदलला" याच्यावर तक्रार कुठे आणि कशी करणार?

त्या प्रकरणात विकणाऱ्याचंही नुकसान होतं, हे सहसा कुणी बोलत नाही. गिऱ्हाइकांतला एक अख्खा गट सोसायटीनेच बाद केला, तर मालकाला भाव कमी येणार किंवा थांबावं लागणार.

मग कायदा काय म्हणतो?

राज्यघटनेचं कलम १५ धर्म, जात, वंश यावरून भेदभावाला मनाई करतं. पण त्याचा पहिला भाग सरकारला लागू आहे. दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते अशा सार्वजनिक जागांची यादी त्यात आहे, खाजगी घरविक्री त्यात नाही. धर्मावरून घर नाकारणं हा स्वतंत्र गुन्हा ठरवणारा कायदा आपल्याकडे नाही. उलट २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात, सभासदत्व फक्त पारशांना देण्याचा नियम वैध ठरवला. संघटना स्थापन करण्याच्या हक्काचा आधार त्यासाठी घेतला गेला. या निकालावर आजही टीका होते, आणि माझ्या मते ती रास्त आहे.

पण एक फरक लक्षात घ्या. त्या सोसायटीच्या उपविधीतच तसा नियम होता. वसई-विरारमधल्या नेहमीच्या सोसायट्या राज्याच्या आदर्श उपविधींवर चालतात. त्यात धर्माची अट नाही आणि फ्लॅट विकण्यासाठी सोसायटीच्या 'एनओसी'चीही गरज नाही. तरी एनओसी मागितली जाते, कारण बँका ती मागतात. आणि विरोध करणाऱ्यांच्या हाती नेमका तोच कागद असतो.

बँकेच्या दारात

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात एक शब्द आहे, 'निगेटिव्ह झोन'. काही बँका ठरावीक वस्त्या वेगळ्या काढतात आणि तिथे सहज कर्ज देत नाहीत, असं समितीने नोंदवलं होतं. हे अमेरिकेच्या 'रेडलायनिंग'शी मिळतंजुळतं आहे. तिथे १९३० च्या दशकात सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे काढले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने 'धोक्याच्या' दाखवल्या.

पुढे अमेरिकेने १९६८ मध्ये घरांबाबतच्या भेदभावावर बंदी आणली. १९७५ मध्ये गृहकर्जांची माहिती उघड करणं बँकांना बंधनकारक झालं, नंतर त्यात अर्जदाराचा वंशही आला. २००८ च्या मंदीत घरं जप्त होऊ लागली, तेव्हा अशा नोंदी कामी आल्या. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कर्जदारांना महागडी कर्जं गळ्यात मारल्याच्या आरोपावरून वेल्स फार्गो बँकेला २०१२ मध्ये १७.५ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. आपल्याकडे प्रत्येक अर्जाची अशी नोंद उघड करायला लावणारा कायदा नाही. त्यामुळे नालासोपाऱ्यातल्या एखाद्याचं कर्ज पगारामुळे नाकारलं की पत्त्यामुळे, हे सिद्ध कसं करणार?

वसई-विरारमध्ये आणखी एक गुंता आहे, अनधिकृत बांधकाम. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या घरावर मोठ्या बँका सहसा कर्ज देत नाहीत. मग पतपेढी, छोट्या फायनान्स कंपन्या किंवा सोनं गहाण, म्हणजे व्याज जास्त. अशा इमारतींत सगळ्या धर्मांचे लोक राहतात, तेव्हा हा प्रश्न एकाच समाजाचा नाही. पण रीतसर सोसायटीचं दार ज्याला बंद आहे, त्याच्यापुढे पर्याय आणखी थोडे उरतात. नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीतल्या ४१ अनधिकृत इमारती कोर्टाच्या आदेशाने पाडल्या गेल्या. अशा पाडकामात घर जातं, पण घेतलेलं कर्ज आपोआप माफ होत नाही.

रीतसर कर्जात जप्तीची पद्धत ठरलेली आहे. ९० दिवस हप्ता थकला की खातं एनपीए होतं. मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते. त्यानंतर बँक कोर्टात न जाता घराचा ताबा घेऊन लिलाव करू शकते. या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. लिलावात बोली लावणाऱ्याचा धर्म बघितला जात नाही. पण लिलावात घर घेणाऱ्यालाही शेवटी सभासदत्वासाठी सोसायटीकडेच अर्ज करावा लागतो.

अशा वेळी सहकार कायद्याचं कलम २२ माहीत असलेलं बरं. सभासदत्वाच्या अर्जावर ३ महिन्यांत निर्णय कळवला नाही, तर अर्जदार सभासद झाला असं मानलं जातं. नकार आला तर उपनिबंधकांकडे अपील करता येतं. मात्र हे ३ महिने मोजायला पुरावा लागतो. तेव्हा अर्ज हातोहात दिला तर पोच घ्या, नाहीतर स्पीड पोस्टाने पाठवा. आणि नकार तोंडी मिळाला, तर तो लेखी मागा.