तात्या, शेडात जागा हाय का?

पहाटे 5.15
तात्या शटर आधी गुडघ्याने दाबतात, मग वर ढकलतात. नुसतं ओढलं तर ते अर्ध्यात अडकतं. आतून जुन्या गाद्यांचा आणि कडुनिंबाच्या पाल्याचा वास येतो. 20 बाय 40 फुटांचं पत्र्याचं शेड, सातारा-पंढरपूर रस्त्यापासून जरा आत. आधी इथे पोल्ट्री होती. कोंबड्यांत पैसे बुडाले, पत्रे राहिले. मग कुणी तरी म्हणालं, घराचं काम काढलंय, चार कपाटं ठेवून घ्या. तिथून हे सुरू झालं. पाटी नाही, पावती नाही. दोनशे पानी वही आहे.

मे सरत आलाय. रोहिणी लागल्यात. माणगंगेच्या पात्रात पाणी नाही, वेड्या बाभळी आहेत. तरी या पंधरवड्यात म्हसवडात ज्याला त्याला काही ना काही झाकायचं असतं.

तात्या बॅटरी घेऊन कडेकडेने फिरतात. खाली विटा, विटांवर फळ्या. जमिनीला काही टेकू द्यायचं नाही. भिंतीपासून हातभर जागा सोडलेली. "उंदराचं सोसतं," ते म्हणतात. "वाळवीचं न्हाय. ती आतनं खाती, वरनं कपाट नवंच दिसतं."

सकाळी 6.00
पहिली खेप मंगल कार्यालयातली. रात्री लग्न झालं. मंडपवाल्याचं स्वतःचं गोदाम भरलंय, म्हणून 300 खुर्च्या इकडे. छोटा हत्ती टेंपो मागे लावला जातो. पोरगा खुर्च्यांच्या थप्प्या उचलून देतो, तात्या वर रचतात. हमालीच्या पोराला दिवसाचे 600 रुपये आणि दोन चहा. दोर तीनदा आवळायचा, नाहीतर वळणावर थप्पी कलते.

शेडात उतरवताना मोजणी. 296. पुन्हा मोजतात. 296. तात्या तिथूनच मंडपवाल्याला फोन लावतात. "आमच्यात आल्या तेव्हा चार कमी हुत्या, आत्ताच सांगतो." उतरवतानाच मोजायचं, हा त्यांचा एकच नियम. भाडं बुडतं ते चालतं, बोल लागलेला चालत नाही.

दोन खेपांचे 800 रुपये.

सकाळी 8.40
सिद्धनाथाच्या देवळामागचं घर. खाली जुनं दगडी जोतं, वर नवा स्लॅब. कुटुंब गलाईचं, सोनं-चांदी गाळायच्या धंद्यातलं. या भागातले गलाईवाले देशभर पसरलेत. खानापूर, आटपाडी, माण, कुठल्याही गावात विचारा, कुणाचा तरी भाऊ तमिळनाडूत नाहीतर उत्तर प्रदेशात भट्टी लावून बसलेला असतो. गावातली घरं त्यांनी हौसेने बांधली आणि त्यांना कुलपं लावली. मे महिन्यात ती उघडतात, नंतर यात्रेला.

हे कुटुंब आज दुपारी निघणार. स्लॅब गळतो, म्हणून फ्रिज, सोफा आणि दोन कपाटं शेडात. वाकळा, ट्रंका घरातच.

"कवा नेणार?" तात्या वही उघडतात.

"रथाला येऊ."

वहीत 'रथ' एवढंच लिहिलं जातं. सिद्धनाथाचा रथ मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला निघतो. इंग्रजी तारीख दर वर्षी बदलते, ही बदलत नाही. फ्रिजचं दार उघडं राहावं म्हणून पोरगा फटीत लाकडाचा तुकडा अडकवतो. बंद फ्रिजला बुरशी येते. खेपेचे 400, शिवाय सामानाचे महिन्याला 400 ठरतात. घराची किल्ली मात्र शेजारच्या काकूंकडे. त्या रोज ओसरी झाडतात, तुळशीला पाणी घालतात. त्याचं भाडं कुणी ठरवलेलं नाही. जाताना साडी दिली जाते आणि काकू ती नको नको म्हणत घेतात.

सकाळी 10.50
पेठेतला वाडा. दोघा भावांच्या वाटण्या झाल्यात. वाडा पाडून दोन घरं उभी राहायचीत. जमीन मोजणीवाल्याने वाटून दिली, भांडी ताजव्यावर वाटली. राहिलं ते वाटता न येण्यासारखं. सागवानी पलंग. दगडी जातं. तांब्याचं घंगाळ. पाच कप्प्यांचा पितळी डबा.

थोरल्या जावेने पदर खोचलाय. धाकटा भाऊ मोबाइलवर फोटो काढतोय, एकेका वस्तूचे दोन दोन. मोठ्याने कुणी बोलत नाही.

मागच्या खोलीत भिंतीतच बळद आहे. वरून धान्य ओतायचं, खालच्या भोकातून काढायचं. भोकाचा बोळा अजून तिथेच. तात्या हात घालून पाहतात. आत धान्य नाही. एक चेपलेली पायली निघते आणि तिच्या पोटात मापटं. जोंधळा बळदात असायचा तेव्हा घरात जागा किती लागते हे कुणी विचारत नव्हतं, भिंतच कोठार होती. आता 9 इंची वीटकामात काही मावत नाही. मग पत्र्याच्या कोठ्या येतात, त्या हॉलमध्ये बसतात, आणि सोफा शेडात जातो.

पायली कुणालाच नको. घंगाळ दोघांनाही हवंय.

जातं हलवायला पहार लागते. तळीखाली पहार, पहारेखाली लाकूड, मग पोत्यावर ओढत दारापर्यंत. उंबऱ्याशी तात्या पोराला थांबवतात. "बोटं काढ. आधी बोटं." जातं उंबरा ओलांडतं. दोघंही खाली बसतात. पाणी पितात. पोराचा शर्ट पाठीला चिकटलाय. त्याच्या हातात मोजे नाहीत. बाजारात 60 रुपयांना जोडी मिळते, आठवड्यात फाटते.

नाव कुणाचं लिहायचं? दोघंही गप्प. तात्या दोघांचीही नावं लिहितात आणि खाली एक ओळ घालतात. दोघं एकदम आल्याशिवाय द्यायचं नाही. महिन्याला 300, दीडशे-दीडशे. थोरला वाचून मान हलवतो, धाकटा त्या पानाचा फोटो काढतो. माझ्या मते त्या वाटणीपत्रात नसलेली अक्कल या एका ओळीत आहे.

दोन खेपांचे 700.

दुपारी 1.15
बाजरीची भाकरी, खर्डा, कांदा. शेडात बसवत नाही इतका पत्रा तापलाय. टेंपोच्या सावलीत जेवण. पोरगा तिथेच आडवा होतो.

दुपारी 2.30
देवापूरकडचा रस्ता. पुढे राजेवाडीचा तलाव. एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून इंग्रजांनी बांधकाम काढलं. पाणी जातं खाली आटपाडी-सांगोल्याकडे.

शेतकऱ्याकडे 60 पिशव्या कांदा झाडाखाली पडलाय. चाळ नाही. भाव नाही. आभाळ तेवढं आहे.

"महिनाभर ठिवून घ्या तात्या. म्हणाल ते भाडं."

तात्या नाही म्हणतात. कांद्याला खालून-वरून वारा लागतो. चाळीच्या बाजूला फटी असतात, त्या त्यासाठीच. बंद शेडात सडेल, आणि वास बसेल दुसऱ्यांच्या गाद्यांना. भाडं मिळेल आणि गिऱ्हाईक जाईल. ते सांगतात, विटांवर बांबू आंथर, त्यावर पसर, वरून पाचट घाल, ताडपत्री घट्ट आवळू नको. शेतकरी ऐकून घेतो. हे त्यालाही माहीत आहे. बांबू विकत आणायचे तर पैसे लागतात.

मग ज्वारीचे 12 कट्टे भरले जातात. बाजार समित्यांची शेतमाल तारण योजना 1990 पासून आहे. माल गोदामात ठेवायचा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज घ्यायचं, 6 टक्के व्याज, सहा महिन्यांत माल सोडवायचा. मी विचारतो. शेतकरी हसतो. "12 कट्ट्याला कोण कागद करणार? पोरीची फी भरायची आली की एक कट्टा इकायचा." तात्यांचं शेड त्याला त्यासाठी बरं. हवा तेव्हा एक कट्टा काढता येतो. प्रत्येक कट्ट्यात त्याने निंबाचा पाला घातलाय.

खेपेचे 600. चढवा-उतरवायची हमाली कट्ट्याला 15 रुपये, ती पोराची.

दुपारी 4.45
परतीच्या वाटेवर वारा सुटतो. वस्तीवर एक म्हातारी आणि तिची सून कडब्याची गंजी झाकताहेत. ताडपत्री उलटी फडफडते. तात्या टेंपो उभा करतात. न विचारता पोरगा गंजीवर चढतो, दोर खाली फेकतो, तात्या दगड बांधतात. पंधरा मिनिटं. पैशांचा विषय निघत नाही.

इथे कडबा भिजला तर जनावर विकावं लागतं. 2012 च्या दुष्काळात म्हसवडला माणदेशी फाउंडेशनची चारा छावणी दीड वर्ष चालली. गावोगावची माणसं घराला कुलूप लावून गुरांजवळ राहायला आली. संसार म्हणजे एक खाट, एक चूल, वर कापड. बाकीचं सगळं मागे, कुलपाआड. म्हातारी त्या छावणीत होती. "घरात काय ऱ्हायलं हुतं म्हणून कुलूप? सवय," ती म्हणते.

संध्याकाळी 6.10
वळीव आला. दहा मिनिटांत गेला. बसस्टँडजवळ भाजीवाल्या बायका पाट्यांवर कागद ओढून उभ्या. त्यातली एक तात्यांना हाक मारते. उरलेले टोमॅटो, ताजवा आणि छत्री उद्यापर्यंत ठेवायची. रोजचे 10 रुपये. छत्री मोठी, बाजारातली, एसटीत घेत नाहीत.

म्हसवडची माणदेशी महिला बँक 1997 सालची. तिच्या सुरुवातीची गोष्ट इथे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी छपरावर घालायला प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा होता. त्यासाठी थोडे थोडे पैसे साठवायचे होते, आणि एवढ्या रकमेचं खातं कुठली बँक उघडेना. म्हणून बायकांनी आपलीच काढली. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज परत पाठवला, अंगठेबहाद्दर बायका बँक कशी चालवणार म्हणून. त्या पुन्हा गेल्या, तोंडी व्याज करून दाखवलं. टोमॅटोवालीचं खातं तिथेच आहे. पैशाची सोय झाली. छत्रीची तात्यांकडे.

रात्री 8.20
वही. पोरगा बॅटरी धरतो, कारण वळीव आला की लाइट जाते.

खेपांचे 800, 400, 700, 600. झाले 2500. डिझेल 700. पोराचे 600. चहा-नाश्ता 120, नवा दोर 80. राहिले 1000. त्यातले 400 टेंपोच्या हप्त्याचे बाजूला. हातात 600, म्हणजे हमालीच्या पोराएवढेच. पोराला आज कट्ट्यांचे 180 जास्तीचे, मालकापेक्षा तो पुढे. दोघंही हे जाणून आहेत आणि दोघंही हसतात.

शेडाचं भाडं वेगळं. आज वहीत नवी नावं चढली. जुन्या पानांवर चौकोन आहेत. पैसे आले की चौकोनात फुली. गेल्या वर्षीचे तीन चौकोन अजून मोकळे आहेत. त्यातला एक तात्यांच्या सख्ख्या मेहुण्याचा.