दारात शृंगार, आत संयम
सिरपूरच्या विहारात उमगणारा बुद्धांचा कामविचार

रायपूरहून निघावे, आरंग मागे टाकून महानदीचा पूल ओलांडावा आणि डावीकडे वळून रानातल्या रस्त्याने सिरपूर गाठावे. अंतर साधारण ८० किलोमीटर. आज लहानसे खेडे असलेले हे गाव एके काळी दक्षिण कोसलाची राजधानी श्रीपूर होते. सातव्या शतकात या देशात आलेल्या चिनी यात्रेकरू ह्युएन त्संगने कोसल राज्यातल्या शंभरेक संघारामांची आणि दहा हजारांच्या आसपास भिक्षूंची नोंद केली आहे.

इथल्या तीवरदेव विहाराच्या दाराशी मुलाबाळांसह आलेली कुटुंबे थोडी गोंधळतात. दगडी चौकटीवर पंचतंत्रातले माकड आणि मगर आहेत, झुंजणारे एडके आहेत, त्याचबरोबर प्रणयात रमलेली जोडपीही आहेत. प्रश्न पडतो, की ज्यांनी आयुष्यभर ब्रह्मचर्य पाळायचे, त्यांच्या दारावर हे कशासाठी?

असे दृश्य आपल्याला नवे नाही. एकवीरेच्या दर्शनाला गेलेल्यांनी कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवरची भव्य दांपत्ये पाहिलेली असतात. आपल्या प्राचीन कलेत मिथुन हे मंगलाचे, समृद्धीचे चिन्ह होते. पण उत्तर इथेच संपत नाही. त्यासाठी आतल्या मूर्तीपर्यंत जायला हवे.

माराचा पराभव

सिरपूरचा दुसरा प्रसिद्ध विहार भिक्षू आनंदप्रभूने महाशिवगुप्त बालार्जुनाच्या काळात बांधला. १९५३ ते १९५६ या काळात डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित या मराठी संशोधकाने इथे उत्खनन केले. गाभाऱ्यात भूमिस्पर्श मुद्रेतील बुद्ध आहेत. उजव्या हाताची बोटे जमिनीकडे वळलेली. बोधिवृक्षाखाली मार चालून आला, तेव्हा बुद्धांनी पृथ्वीला साक्षीला बोलावले, तो हा क्षण. हा मार म्हणजेच काम. तृष्णा, अरती आणि रागा या त्याच्या तीन मुली मोह घालायला आल्या, अशीही कथा आहे. या नावांतच सारे आले. तृष्णा म्हणजे हाव, अरती म्हणजे असमाधान, रागा म्हणजे आसक्ती. बाहेरून आलेल्या स्त्रिया म्हणण्यापेक्षा या आपल्याच मनाच्या लेकी म्हणाव्यात.

म्हणूनच बुद्धांनी स्त्रीला वा देहाला शत्रू ठरवले नाही. तरुणपणी राजवाड्यातला विलास आणि नंतर सहा वर्षांचे देहदंडन, दोन्ही त्यांनी भोगले होते. सारनाथच्या पहिल्याच प्रवचनात त्यांनी ही दोन्ही टोके टाळायला सांगितली.

राजाची शंका

आजच्या वाचकाच्या मनात येईल, तीच शंका कौशांबीच्या उदयन राजाने पिंडोल भारद्वाज या भिक्षूला विचारली होती. काळ्याभोर केसांचे हे तरुण भिक्षू जन्मभर ब्रह्मचर्य पाळतात तरी कसे? पिंडोल म्हणाले, वयाप्रमाणे स्त्रीला आई, बहीण, मुलगी मानतात. राजा म्हणाला, मन चंचल आहे, तसे मानूनही वासना उठते. पिंडोलांनी देहाच्या अशुचितेचे चिंतन सांगितले. राजाला तेही अवघड वाटले. शेवटी त्यांनी सांगितले, की डोळे, कान, मन यांच्या दारांवर पहारा ठेवायचा. हे मात्र राजाला पटले. अंतःपुरात बेसावध गेलो तर मोह मला झपाटतो, सावध गेलो तर तसे होत नाही, असे त्याने मोकळेपणाने कबूल केले.

ज्यांची किंमत घरच्यांनी मोजली

संयमाची ही वाट घरच्यांनाही सोसावी लागते. बौद्ध ग्रंथ हे लपवत नाहीत. सुदिन्न हा श्रीमंत घरचा मुलगा भिक्षू झाला. पुढे आईने वंशासाठी गळ घातली, तेव्हा तो पूर्वीच्या पत्नीकडे गेला. मुलगा झाला, पण सुदिन्न पश्चात्तापाने खंगला. त्याच्यावरूनच ब्रह्मचर्यभंगाला संघातून निष्कासनाचा नियम झाला. मात्र ज्याला हे व्रत झेपत नाही, त्याने तसे सांगून आधीच घरी परतण्याची वाट मोकळी ठेवलेली आहे. चोरून व्रत मोडण्यापेक्षा उघडपणे संसारात येणे बरे, हा त्यातला शहाणपणा.

दुसरी कथा बुद्धांचा भाऊ नंद याची. बायकोच्या ओढीने त्याचे मन विहारात रमेना. बुद्धांनी त्याला स्वर्गातल्या अप्सरा दाखवल्या आणि तो त्यांच्या आशेने साधना करू लागला. सोबती त्याला मजुरीवर ठेवलेला म्हणून चिडवू लागले, तेव्हा तो शरमला आणि खरा वैरागी झाला. सुखाच्या लालसेने पाळलेले ब्रह्मचर्य हा सौदाच, हे त्याला कळले. आणि त्याची पत्नी सुंदरी? अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यात ‘मरणोन्मुख राजकन्या’ म्हणून ओळखले जाणारे चित्र तिचेच मानले जाते. चित्रकाराने तिचे दुःख झाकले नाही.

संसारी माणसासाठी

मग आपल्यासारख्यांनी काय करायचे? बुद्धांनी गृहस्थाला आजन्म ब्रह्मचर्य सांगितले नाही. पंचशीलातले तिसरे शील कामातल्या मिथ्याचारापासून दूर राहायला सांगते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसह लाखोंनी पंचशील घेतले, त्यात तेही होते. सिगालाला केलेल्या उपदेशात पतीने पत्नीचा मान राखावा, तिला हिणवू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावे, घरातला अधिकार तिला द्यावा आणि दागिनेही घ्यावेत, असे बुद्ध सांगतात. वृद्ध नकुलपिता आणि नकुलमाता यांनी पुढच्या जन्मीही एकत्र राहण्याची इच्छा बोलून दाखवली, तेव्हा त्यांनी ती नाकारली नाही. श्रद्धा, शील, दान आणि प्रज्ञा यांत दोघे समान असावेत, एवढेच सांगितले.

परतताना सिरपूरचे विटांचे लक्ष्मण मंदिर जरूर पाहावे. पती हर्षगुप्ताच्या स्मरणार्थ राणी वासटाने ते बांधले. म्हणजे एकाच गावात भिक्षूंच्या खोल्याही आहेत आणि एका पत्नीच्या निष्ठेची खूणही. वासटेचा मुलगा बालार्जुन शैव, पण आनंदप्रभूचा विहार त्याच्याच राज्यात उभा राहिला. मुलांनी दारावरच्या जोडप्यांबद्दल विचारले, तर त्यांना घाईघाईने पुढे नेऊ नये. हेही जीवनच आहे, फक्त त्याच्या आहारी जायचे नाही, एवढे सांगितले तरी पुरे.