विहिरीतला बिबट्या आणि काठावरची गर्दी

बिबट्या विहिरीत पडला की बातमी पसरायला वेळ लागत नाही. वनरक्षक मोटारसायकलवरून पोचेपर्यंत काठावर गाव लोटलेलं असतं, पोरं बाभळीवर चढलेली असतात, मोबाइल उंचावलेले असतात. खाली जनावर मोटरीच्या पाइपाला किंवा कपारीला नख्या रोवून लटकलेलं.

अशा वेळी पहिली नजर जाते ती बिबट्याकडे. वन कर्मचाऱ्यांना मात्र आधी काठ मोकळा करायला शिकवतात. पोलिसांना बोलवायचं, दोर लावून माणसं मागे सारायची, मग चार कोपऱ्यांना दोर बांधून एखादी बाज पाण्यावर सोडायची. दमलेलं जनावर तिच्यावर चढून बसतं आणि बुडायचं टळतं. पुढे पिंजरा उतरवायचा, किंवा अंधार पडल्यावर शिडी लावून सगळ्यांनी लांब व्हायचं. शिडी हा सर्वांत स्वस्त उपाय, पण तो करायला धीर लागतो. रात्रीतून बिबट्या चढून उसात निघून जातो आणि साहेबांना दाखवायला हातात काहीच उरत नाही.

ही शहाणीव अहिल्यानगर जिल्ह्याच्या शेजारच्या जुन्नरने फार मोठी किंमत देऊन शिकवली. २००१ पासून तिथे उसातले बिबटे धरून लांबच्या जंगलात सोडण्याचा धडाका लागला. वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या, तेव्हा माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेलेले दिसले. ओळखीचा मुलूख सुटलेलं जनावर नव्या ठिकाणी बिथरत असावं, असा अंदाज त्यातून निघाला. अत्रेय आणि पशुवैद्य अनिरुद्ध बेलसरे यांनी २००७ मध्ये पुण्याच्या काटी ट्रस्टतर्फे बिबट्या-संघर्ष हाताळण्याची मार्गदर्शिका काढली. २०११ मध्ये केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना आल्या, त्यांनीही ‘धरा आणि सोडा’ला लगाम घातला.

या अभ्यासात अहिल्यानगर जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. अकोले खोऱ्यात लावलेल्या कॅमेऱ्यांनी सिद्ध केलं, की दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसं राहतात अशा शेतमळ्यांत १०० चौरस किलोमीटरला जवळपास ५ बिबटे नांदतात. विष्ठेच्या तपासणीत त्यांच्या आहाराचा सर्वांत मोठा हिस्सा निघाला गावकुत्र्यांचा, सुमारे ३९ टक्के. शेळ्या गावात कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त, पण आहारात त्यांचा वाटा बराच कमी. कारण शेळी रात्री गोठ्यात असते आणि कुत्रं उकिरड्यावर. गोठा बंदिस्त करा आणि कचरा उचला, हे वनरक्षक ग्रामसभेत सांगतो त्याला असा आधार आहे.

लांब नेऊन सोडलेला बिबट्या तिथे थांबेलच असं नाही, याचा पुरावा पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरचा. २००९ च्या उन्हाळ्यात तिथल्या विहिरीतून काढलेल्या एका वयस्क नराला जीपीएस पट्टा घालून माळशेज घाटात सोडलं. त्याचं नाव पडलं आजोबा. महिनाभरात सुमारे १२० किलोमीटर तुडवत हा गडी थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला, वाटेत माणसाला हात न लावता. २०११ अखेरीस मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेत तो मेला.

उसाच्या तोडणीत पिल्लं सापडतात, तेव्हा खरी परीक्षा. मजूर घाबरलेले, मुकादम घाईला आलेला, कुणीतरी पिल्लू मांडीवर घेऊन फोटो काढतोय. जुन्या पद्धतीने ही पिल्लं ‘अनाथ’ ठरून पिंजऱ्यात वाढायची. आता पशुवैद्य तपासणी करतात, संध्याकाळी पिल्लं क्रेटमध्ये घालून सापडली त्याच सरीत ठेवतात आणि लांबून कॅमेरा लावतात. मादी जवळच दडलेली असते. एखाद्या रात्री ती येत नाही, मग दुसऱ्या रात्री पुन्हा क्रेट ठेवायचं. जुन्नरच्या माणिकडोह केंद्रात वन विभागाबरोबर काम करणाऱ्या वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेच्या पशुवैद्यांचा यात मोठा हात आहे.

भूल देण्याची बंदूक बघायला सगळ्यांना आवडते. पण बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने तो धरायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि औषधाचा डोस ठरवायला पशुवैद्य. वजनाचा अंदाज चुकला तर जनावर दगावतं. शिवाय डार्ट लागताक्षणी ते कोसळत नाही. मधल्या मिनिटांत ते गर्दीत घुसू शकतं. म्हणजे पुन्हा गर्दीच.

या सगळ्याचा भार पडतो तो वनखात्यातल्या खालच्या पायरीवर, एका नियतक्षेत्राच्या वनरक्षकावर. मेंढरू मेल्यावर पंचनामा त्यानेच करायचा, गळ्यावरचे सुळ्यांचे व्रण बिबट्याचे की कुत्र्यांचे हे त्यानेच ओळखायचं, आणि माणूस गेला असेल तर ‘पिंजरा आत्ताच्या आत्ता लावा’ म्हणणाऱ्या घरच्यांसमोरही त्यानेच उभं राहायचं. तिथे आकडेवारी ऐकवून भागत नाही. अकोल्याच्या डोंगरी पट्ट्यात ज्यांच्याकडे वाघोबाची वाघबारस पाळतात, त्या महादेव कोळी घरांत वनरक्षक अशा वेळी वाघोबाचं नाव घेऊन बोलणं सुरू करू शकतो. बागायती पट्ट्यात ती सोय नाही. आणि हे सगळं अंगवळणी पडेपर्यंत त्याची बदली होते, नवा गडी येतो, आणि गळीत हंगाम तर दारात उभा असतो.