ठेव कोणाच्या नावावर, विमा किती रकमेला?
पाच लाखांच्या ठेव विम्याचे नियम समजून घेतल्यास आयुष्यभराची बचत अडकण्याचा धोका कमी होतो

ठाणे : प्रतिनिधी

ठाणे-भिवंडी मार्गावरील बाळकुम हे मूळचे आगरी-कोळी वस्तीचे गाव. पुढे या परिसरात कारखाने आले आणि गेल्या काही वर्षांत कारखान्यांच्या जागी उंच निवासी इमारती उभ्या राहिल्या. ठाणे-भिवंडी-कल्याण या मेट्रो मार्ग ५ वरील एका स्थानकाला बाळकुम नाक्याचे नाव देण्यात आले आहे. गावठाणातील जुनी कुटुंबे, कंपनीतून निवृत्त झालेले कर्मचारी, छोटे दुकानदार आणि गृहकर्ज फेडणारे तरुण नोकरदार असे नाना थर आज येथे शेजारी शेजारी राहतात. या सर्वांच्या बचतीत एक गोष्ट मात्र हमखास आढळते, ती म्हणजे बँकेतील मुदत ठेव.

ठेव ठेवताना व्याजदराची चौकशी प्रत्येक जण करतो. पाव टक्का अधिक मिळावा म्हणून दोन-तीन बँकांचे उंबरे झिजवले जातात. परंतु बँकेवर उद्या निर्बंध आले, तर आपल्या रकमेपैकी किती रकमेला विम्याचे संरक्षण आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. याचे उत्तर बहुतेकांना 'पाच लाख' एवढेच ठाऊक असते. ते बरोबर असले तरी अपुरे आहे. कारण पाच लाखांची ही मर्यादा ठेवीच्या पावतीगणिक किंवा शाखेगणिक नाही. ती एका बँकेतील एका ठेवीदाराच्या, एका नात्याने असलेल्या सर्व ठेवींना मिळून आहे.

दीड हजारांपासून पाच लाखांपर्यंत

भारतात ठेवींच्या विम्याची गरज १९६० मध्ये पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक या दोन बँका बुडाल्यानंतर तीव्रतेने जाणवली. त्यानंतर १९६१ मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा अस्तित्वात आला. सुरुवातीची मर्यादा अवघी दीड हजार रुपये होती. सहकारी बँकांना या छत्राखाली १९७१ पासून घेण्यात आले. मे १९९३ मध्ये ही मर्यादा एक लाख रुपये झाली आणि तब्बल २७ वर्षे तेथेच थांबली. ४ फेब्रुवारी २०२० रोजी ती पाच लाखांवर नेण्यात आली.

हा विमा देणारी संस्था म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या संपूर्ण मालकीचे ठेव विमा आणि पतहमी महामंडळ, अर्थात 'डीआयसीजीसी'. सरकारी, खासगी, परदेशी, लघुवित्त आणि सहकारी अशा सर्व प्रकारच्या नोंदणीकृत बँकांतील बचत, चालू, आवर्त आणि मुदत ठेवींना तिचे संरक्षण मिळते. विम्याचा हप्ता बँक भरते. तो ग्राहकाकडून वसूल करता येत नाही. ठेवीदाराला त्यासाठी अर्ज करावा लागत नाही.

तीन बँका, तीन अनुभव

विम्याचे महत्त्व कळण्यासाठी आपल्याच परिसरातील ग्राहकांनी पाहिलेली तीन उदाहरणे पुरेशी आहेत.

सीकेपी को-ऑपरेटिव्ह बँकेवर २०१४ मध्ये निर्बंध आले आणि एप्रिल २०२० मध्ये तिचा परवाना रद्द झाला. म्हणजे ठेवीदारांनी सुमारे सहा वर्षे अनिश्चिततेत काढली. परवाना रद्द करताना रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले की, ९९.२ टक्के ठेवीदारांना विम्यातून संपूर्ण रक्कम मिळेल. मर्यादा पाच लाखांवर गेल्याला तेव्हा जेमतेम तीन महिने होत होते. परवाना त्याआधी रद्द झाला असता, तर विम्यातून एक लाखच हाती आले असते.

दुसरे उदाहरण पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह, अर्थात पीएमसी बँकेचे. २३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला सहा महिन्यांत केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढली. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतच्या ठेवींचा प्रश्न विम्यामुळे सुटला. त्याहून मोठ्या ठेवींची उर्वरित रक्कम मात्र दहा वर्षांपर्यंतच्या टप्प्यांत देण्याची योजना ठरली. साठीतल्या ठेवीदाराला दहा वर्षांची ही मुदत काय वाटली असेल, हे वेगळे सांगायला नको.

तिसरे उदाहरण न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेचे. या बँकेवर १३ फेब्रुवारी २०२५ रोजी निर्बंध आले, दुसऱ्या दिवशी संचालक मंडळ बरखास्त होऊन प्रशासक नेमण्यात आला. २७ फेब्रुवारीपासून प्रत्येकी २५ हजार रुपये काढण्याची सवलत मिळाली आणि ४ ऑगस्ट २०२५ रोजी ही बँक सारस्वत बँकेत विलीन झाली.

या तीन घटनांमध्ये कालावधीचा जो फरक दिसतो, त्यामागे एक कायदेशीर कारणही आहे. पूर्वी विम्याची रक्कम बँकेचा परवाना रद्द झाल्यावर किंवा तिची पुनर्रचना झाल्यावरच मिळत असे. निर्बंधांचा काळ कितीही लांबला, तरी ठेवीदाराला वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. १ सप्टेंबर २०२१ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हे चित्र बदलले. आता पैसे काढण्यावर निर्बंध आल्यास ४५ दिवसांत बँकेने ठेवीदारांची यादी द्यायची, पुढील ३० दिवसांत महामंडळाने ती तपासायची आणि त्यानंतर १५ दिवसांत रक्कम अदा करायची, असा सर्वसाधारण ९० दिवसांचा क्रम ठरला आहे.

एक बँक, एक नाते, एक मर्यादा

आता मूळ नियमाकडे वळू. एकाच बँकेच्या बाळकुम, ठाणे आणि डोंबिवली येथील तीन शाखांत एकाच व्यक्तीच्या नावे पाच-पाच लाखांच्या ठेवी असतील, तर विमा पंधरा लाखांना नसून पाच लाखांनाच आहे. शाखा वेगळ्या असल्या तरी बँक एकच. याउलट तीन वेगवेगळ्या बँकांत ठेवी असतील, तर प्रत्येक बँकेसाठी पाच लाखांची स्वतंत्र मर्यादा लागू होते.

या पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरले जातात. समजा, ४ लाख ८० हजार रुपये सात टक्के दराने, तिमाही चक्रवाढीने ठेवले. वर्षाअखेर ही रक्कम सुमारे ५ लाख १४ हजार ५०० होते. म्हणजे पहिल्याच वर्षी सुमारे साडेचौदा हजार रुपये विम्याच्या बाहेर गेले. म्हणून संचयी ठेव ठेवताना मुदतपूर्तीची रक्कम पाहून मुद्दल ठरवावे.

'नाते' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. पतीच्या एकट्याच्या नावावरील ठेव आणि पती-पत्नीच्या संयुक्त नावावरील ठेव या वेगळ्या मानल्या जातात. संयुक्त खात्यात नावांचा क्रमही पाहिला जातो. पहिले नाव पतीचे व दुसरे पत्नीचे असलेली खाती एकत्र धरली जातात. क्रम उलट असेल, तर तो वेगळा गट होतो. अज्ञान मुलाचा पालक, भागीदारी संस्थेचा भागीदार किंवा अविभक्त हिंदू कुटुंबाचा कर्ता या नात्याने असलेल्या ठेवीही वैयक्तिक ठेवींपेक्षा स्वतंत्र समजल्या जातात.

दुकानदारांनी मात्र एक बाब ध्यानात घ्यावी. बाळकुम नाक्यावर एखाद्याचे स्वतःच्या एकट्याच्या मालकीचे दुकान असेल, तर दुकानाच्या नावाचे चालू खाते आणि मालकाची वैयक्तिक ठेव या दोन्ही रकमा एकत्र धरल्या जातात. दुकानाचे नाव वेगळे असल्याने विमा वेगळा मिळत नाही. तसेच त्याच बँकेचे कर्ज थकीत असेल, तर बँकेला आपले येणे ठेवीतून वळते करून घेता येते आणि उरलेल्या रकमेलाच विमा लागू होतो.

तीस लाखांचे उदाहरण

बाळकुममधील एका काल्पनिक दांपत्याचे उदाहरण घेऊ. साठाव्या वर्षी निवृत्त झालेल्या पतीला भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मिळून ३० लाख रुपये मिळाले. ते सर्व त्याने ओळखीच्या एकाच बँकेत स्वतःच्या नावे ठेवले. या रकमेपैकी पाच लाखांना विमा आहे, उरलेले २५ लाख केवळ बँकेच्या प्रकृतीवर अवलंबून आहेत.

हीच रक्कम अशी विभागता येईल : १५ लाख रुपये टपाल कार्यालयातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. या योजनेमागे केंद्र सरकारची हमी आहे आणि १ एप्रिल २०२३ पासून तिची कमाल मर्यादा ३० लाख रुपये करण्यात आली. उरलेल्या १५ लाखांपैकी पहिल्या बँकेत साडेचार लाख पतीच्या नावे व साडेचार लाख संयुक्त नावे. दुसऱ्या बँकेत साडेचार लाख पतीच्या नावे आणि दीड लाख घरखर्चासाठी संयुक्त बचत खात्यात. व्याज दर तिमाहीला काढून घेतल्यास बँकांतील प्रत्येक रक्कम विम्याच्या मर्यादेत राहते. शिवाय एका बँकेवर निर्बंध आले, तरी दुसऱ्या बँकेतून घरखर्च आणि औषधपाणी चालू राहते. वृद्धांच्या दृष्टीने हा दुसरा लाभ पहिल्याइतकाच मोलाचा आहे.

पतपेढी म्हणजे बँक नव्हे

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात सहकाराची परंपरा जुनी आहे. डोंबिवली नागरी सहकारी बँक १९७० मध्ये, ठाणे जनता सहकारी बँक १९७२ मध्ये आणि कल्याण जनता सहकारी बँक १९७३ मध्ये स्थापन झाली. या बँकांना रिझर्व्ह बँकेचा परवाना आहे आणि त्यांतील ठेवी विम्याच्या कक्षेत येतात.

त्याच गल्लीत असलेल्या पतपेढीचे तसे नाही. सहकारी पतसंस्था, मग ती राज्यातील असो वा बहुराज्यीय, या विम्याखाली येत नाही. बँकेपेक्षा एक-दीड टक्का अधिक व्याज देणारी पतसंस्था निवडताना ग्राहक हा विमा सोडून देत असतो. काही संस्था आपल्या नावात 'बँक' हा शब्द वापरत असल्याचे निदर्शनास आल्यावर रिझर्व्ह बँकेने २२ नोव्हेंबर २०२१ रोजी जनतेला जाहीर इशारा दिला होता. अशा संस्थांतील ठेवींना विमा नाही, हेही त्यात स्पष्ट केले होते. कंपन्यांच्या मुदत ठेवी, बँकेतर वित्तसंस्थांच्या ठेवी, म्युच्युअल फंड आणि सहकारी बँकेचे भाग यांनाही हे संरक्षण नाही.

प्राप्तिकराचा हिशेब

ठेवी विभागल्याने विमा वाढतो, कर मात्र कमी होत नाही. मुदत ठेवींवरील व्याज एका बँकेत वर्षाला ५० हजार रुपयांहून, ज्येष्ठ नागरिकांच्या बाबतीत एक लाख रुपयांहून अधिक झाल्यास बँक उद्गम कर कापते. या मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून लागू झाल्या. दोन-तीन बँकांत ठेवी विभागल्यास कोणतीच बँक कर कापणार नाही, असे होऊ शकते. परंतु कर कापला गेला नाही म्हणजे व्याज करमुक्त झाले, असा अर्थ नव्हे. सर्व बँकांचे व्याज एकत्र करून विवरणपत्रात दाखवावेच लागते. प्राप्तिकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात बँकांनी कळवलेले व्याज दिसते. विवरणपत्र भरण्यापूर्वी ते पडताळून पाहावे.

पत्नीच्या नावे ठेव ठेवताना रक्कम पतीने दिलेली असेल, तर त्यावरील व्याज साधारणतः पतीच्याच उत्पन्नात मिळवले जाते. म्हणजे विम्यासाठी ती ठेव पत्नीची, पण करासाठी तिचे व्याज पतीचे. हा भेद लक्षात न घेतल्याने विवरणपत्रात चूक होते.

ठेव ठेवण्यापूर्वी

* बँकेचे नाव महामंडळाच्या संकेतस्थळावरील विमाधारक बँकांच्या यादीत आहे का, ते तपासावे.
* घरातील सर्व पावत्या एकत्र काढून बँक, नाव, नावांचा क्रम आणि मुदतपूर्तीची रक्कम यांचा एका कागदावर तक्ता करावा.
* सहकारी बँकेचा वार्षिक अहवाल वाचावा. निव्वळ थकीत कर्जांचे प्रमाण वाढत आहे का आणि भांडवल पर्याप्तता घसरत आहे का, हे दोन आकडे प्रथम पाहावेत.
* वारसनोंद करावी. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यासाठी चारपर्यंत व्यक्तींची नोंद करता येते. मात्र वारसनोंदीमुळे विम्याची मर्यादा वाढत नाही.
* पगार, गृहकर्जाचा हप्ता आणि सर्व बचत एकाच बँकेत ठेवू नये. निदान तीन महिन्यांचा घरखर्च दुसऱ्या बँकेत असावा.

ठेव विमा ही शेवटची तटबंदी आहे. बँक सुदृढ असेल, तर तिची गरज कधी पडणारही नाही. परंतु तिच्या आत आपली किती रक्कम आहे आणि बाहेर किती, हे निर्बंधांची बातमी आल्यावर बदलता येत नाही. ते आजच, पावत्या हातात घेऊन, तपासता येते.