विधी अध्यापनाची कारकीर्द : वर्ग आणि न्यायालय यांमधील अंतर

प्रस्तावना :

विधी शाखेच्या अध्यापकास अन्य विद्याशाखांतील सहकारी एक प्रश्न हमखास विचारतात. तो म्हणजे, आपण वकिलीही करता का? पूर्णवेळ नेमणूक असलेल्या अध्यापकास याचे उत्तर नकारार्थी द्यावे लागते. वैद्यकशास्त्राचा अध्यापक महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालयात रुग्ण तपासतो. कायद्याचा पूर्णवेळ अध्यापक मात्र पक्षकाराची बाजू न्यायालयात मांडू शकत नाही. हे अंतर कसे निर्माण झाले आणि ते कोणत्या मार्गांनी कमी करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पूर्वपीठिका :

मुंबईत विधी शिक्षणाचा प्रारंभ १८५५ मध्ये झाला. पुढे दीर्घकाळ हे अध्यापन प्रामुख्याने वकिली करणाऱ्या विद्वानांच्या हाती होते. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात अध्यापन केले. बॅरिस्टर असलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३५ मध्ये त्याच महाविद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारले. अधिवक्ता अधिनियम, १९६१ अन्वये विधी शिक्षणाचा दर्जा राखण्याचे कार्य भारतीय विधिज्ञ परिषदेकडे आले. १९८८ मध्ये बंगलोरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात पंचवार्षिक अभ्यासक्रमाची पहिली तुकडी दाखल झाली आणि पूर्णवेळ, संशोधनाभिमुख विधी अध्यापकाची प्रतिमा दृढ झाली.

पात्रता व पदोन्नती :

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी सहायक प्राध्यापकपदासाठी पदव्युत्तर पदवीस किमान ५५ टक्के गुण आणि नेट अथवा सेट, किंवा पीएच.डी., अशी अर्हता ठरविली. २०२३ च्या दुरुस्तीने विद्यापीठीय नेमणुकांतही नेट, सेट ही किमान अर्हता झाली व पीएच.डी. ऐच्छिक ठरली. याच विनियमांनुसार सहायक प्राध्यापकास आठवड्यास १६ तासांचे प्रत्यक्ष अध्यापन आहे. सरळ सेवेने सहयोगी प्राध्यापक होण्यासाठी किमान ७ प्रकाशने व ७५ संशोधन गुणांक आवश्यक धरले आहेत. येथे एक बाब लक्षात घेतली पाहिजे. ही सर्व अर्हता विद्याव्यासंगाची आहे. न्यायालयीन अनुभवाची अट तीत नाही.

न्यायालयापासूनचे अंतर :

विधिज्ञ परिषदेच्या नियम ४९ नुसार वकिली व्यवसाय करणाऱ्या अधिवक्त्यास कोणाचीही पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. त्यामुळे सनदधारक व्यक्तीस पूर्णवेळ सेवेत रुजू होताना सनद स्थगित करून घ्यावी लागते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ मध्ये अनीस अहमद विरुद्ध दिल्ली विद्यापीठ या प्रकरणात पूर्णवेळ विधी अध्यापकास हेच तत्त्व लागू केले. याउलट, १९७९ च्या नियमांनुसार व्यवसायरत अधिवक्त्यास दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकविण्याची मुभा आहे. म्हणजे न्यायालयातून वर्गात येणारी वाट खुली आहे. वर्गातून न्यायालयात जाणारी वाट बंद आहे.

या बंधनामागील तर्क सबळ आहे. नियमित तास आणि न्यायालयाची कार्यसूची एकाच वेळी सांभाळल्यास विद्यार्थी व पक्षकार या दोहोंचे नुकसान होते. परंतु परिणामही तितकाच खरा आहे. दावा, कैफियत, तूर्तातूर्त मनाई हुकूम हे विषय अध्यापक कलमांच्या आधारे शिकवितो. अर्ज फेटाळला गेल्यावर पक्षकाराचे काय होते, हे त्याला इतरांकडून ऐकावे लागते.

अध्यापनातील बदलती आव्हाने :

१ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता व भारतीय साक्ष्य अधिनियम अंमलात आले. भारतीय दंड संहितेतील ५११ कलमांच्या जागी न्याय संहितेत ३५८ कलमे आली. खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ ऐवजी १०३ झाले. तथापि त्या दिनांकापूर्वी घडलेल्या अपराधांना जुनाच दंडविधी लागू असल्याने अध्यापकास काही काळ दोन्ही संहिता शिकविणे भाग आहे. कोणत्या खटल्यास कोणती संहिता व कोणती कार्यपद्धती लागू होईल, हा प्रश्न खालच्या न्यायालयांत रोज उपस्थित होणारा आहे. न्यायालयाशी संपर्क नसलेल्या अध्यापकाची उणीव येथे ठळकपणे जाणवते.

भाषेचा प्रश्नही याच स्वरूपाचा आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांत मराठी वापरली जाते. विद्यार्थी न्यायनिर्णय इंग्रजीत वाचतो आणि पक्षकाराचे म्हणणे मराठीत ऐकतो. या दोहोंमधील दुवा वर्गातच जोडला गेला पाहिजे.

अंतर कमी करण्याचे मार्ग :

विधी शिक्षण नियम, २००८ मध्ये मसुदालेखन, व्यावसायिक नीतिमूल्ये, पर्यायी तंटा निवारण आणि अभिरूप न्यायालय व प्रशिक्षण अशा चार प्रात्यक्षिक विषयांची तरतूद आहे. त्रिवार्षिक अभ्यासक्रमासाठी १२ व पंचवार्षिक अभ्यासक्रमासाठी २० आठवड्यांचे किमान प्रशिक्षण विहित आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम ४ मध्येही विधी महाविद्यालयांतील विधी सेवा केंद्रांना प्रोत्साहन देण्याचे कार्य नमूद आहे. सनद नसली तरी अध्यापक या केंद्रात पक्षकाराची कागदपत्रे विद्यार्थ्यांसह तपासू शकतो, अर्जाचा मसुदा करून घेऊ शकतो आणि पक्षकारास तालुका विधी सेवा समितीकडे पाठवू शकतो.

प्रत्यक्षात हे केंद्र पुष्कळदा फलकापुरते व वार्षिक शिबिरापुरते उरते. त्याचे एक कारण मूल्यमापन पद्धतीत आहे. २०१८ च्या विनियमांतील संशोधन गुणांकाच्या तक्त्यात शोधनिबंध, ग्रंथ, व्याख्याने यांना गुण आहेत; विधी सेवा केंद्रातील कामास तेथे स्थान नाही. ते सामान्य विस्तारकार्यात मोजले जाते. साहजिकच तरुण अध्यापक उपलब्ध वेळ शोधनिबंधाकडे वळवितो.

निष्कर्ष :

नियम ४९ चे बंधन कायम ठेवूनही विधी अध्यापकाचा न्यायव्यवहाराशी संबंध टिकविता येईल. त्यासाठी विधी सेवा केंद्रातील तास प्रत्यक्ष अध्यापनाच्या कार्यभारात धरले जावेत. केंद्रात हाताळलेल्या प्रकरणांवरील अभ्यासपूर्ण टिपणांना संशोधनाचा दर्जा मिळावा आणि १९७९ च्या नियमांचा लाभ घेऊन अधिवक्ता व अध्यापक यांनी प्रात्यक्षिक विषय संयुक्तपणे शिकवावेत. आपल्या विद्यार्थ्याने लिहिलेल्या पहिल्या अर्जावर कोणा पक्षकाराचे घर वा पोटगी अवलंबून असेल, याचे भान ठेवणाऱ्या अध्यापकाची कारकीर्द वकिलीहून उणी मानण्याचे कारण नाही.