डोंगरी सायकल : कोनांचे गणित आणि किमतीचे कोडे

खडकाळ उतारांवर आणि जंगलातील पायवाटांवर चालवण्यासाठी बनवलेल्या माउंटन बाइकची, म्हणजेच डोंगरी सायकलची, बाजारपेठ गेल्या दहा-पंधरा वर्षांत एका विसंगतीतून गेली आहे. एकीकडे सर्वांत महाग सायकलींची किंमत अमेरिकेत १०,००० डॉलरच्या पुढे गेली, तर दुसरीकडे मध्यम किमतीची नवी सायकल तीव्र उतारावर इतकी भरवशाची झाली की, पंधरा वर्षांपूर्वीच्या अत्यंत महागड्या सायकलपेक्षाही ती स्वारावर कमी दडपण आणते. याचे कारण असे की, या काळात सायकलवरील ताबा वाढवणाऱ्या सुधारणांपैकी फार मोठी सुधारणा महागड्या सामग्रीत नव्हती, तर सांगाड्याच्या नळ्या कोणत्या कोनात आणि किती अंतरावर जोडायच्या या भूमितीत होती. आणि नळी चार अंश कलती जोडल्याने तिचा उत्पादनखर्च फारसा वाढत नाही. किंमत आणि हाताळणी यांचा संबंध असा सैल झाल्याचे ग्राहकांच्या जसजसे लक्षात येत गेले, तसतशा त्यांच्या खरेदीच्या सवयीही बदलत गेल्या.

या सायकलीचा इतिहास कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीत सुरू होतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस असलेल्या या भागातील तरुण १९७०च्या दशकात श्विन कंपनीच्या जुन्या, जाड टायरच्या सायकली कमी पैशांत विकत घेऊन डोंगरउतारावर पिटाळत असत. पॅडल उलटे फिरवल्यावर मागच्या चाकाच्या हबमध्ये लागणारा त्या सायकलींचा ब्रेक उतारावर इतका तापे की, त्यातील ग्रीस जळून जाई आणि पुढच्या फेरीआधी ते नव्याने भरावे लागे. १९७६ च्या ऑक्टोबरमध्ये फेअरफॅक्स गावाजवळच्या ‘रिपॅक’ या उतारावर शर्यती सुरू झाल्या आणि जुनाट सांगाडे मोडू लागल्यावर, जो ब्रीझ याने १९७७ मध्ये केवळ याच उपयोगासाठी नवा सांगाडा बनवला. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची याने बनवलेल्या सांगाड्यांवर सायकली जोडून विकण्याचा व्यवसाय सुरू केला. त्या सायकलीची किंमत सुमारे १,३०० डॉलर, म्हणजे हौशी माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने जपानमध्ये सांगाडे बनवून घेऊन ‘स्टम्पजंपर’ ही सायकल ७५० डॉलरच्या आसपास बाजारात आणली आणि हाताने बनवलेली चैनीची वस्तू कारखान्यातील माल झाली. पुढे हेच उत्पादन मोठ्या प्रमाणावर तैवानकडे आणि नंतर चीन, व्हिएतनाम, कंबोडिया या देशांकडे सरकले.

हाताळणीचा प्रश्न समजून घेण्यासाठी तीन-चार संज्ञा पुरेशा आहेत. हँडलचा दांडा सांगाड्याच्या ज्या पुढच्या नळीतून फिरतो, त्या नळीने जमिनीशी केलेल्या कोनाला हेड अँगल म्हणतात. ही नळी जितकी उभी, तितके पुढचे चाक स्वाराच्या जवळ येते आणि हँडल हलक्या हाताने, चटकन वळते. नळी जितकी कलती, तितके चाक पुढे जाते आणि सायकल वेगात सरळ राहू पाहते. हँडलच्या फिरण्याचा अक्ष जमिनीपर्यंत वाढवला असता तो जिथे टेकतो ते स्थान आणि टायर जमिनीला टेकतो ते स्थान यांतील अंतराला ट्रेल म्हणतात. टायर अक्षाच्या मागे ओढला जात असल्यामुळे तो आपणहून सरळ होऊ पाहतो, आणि कोन कलता केल्यावर ट्रेल वाढून हा परिणाम अधिक ठळक होतो. कलत्या नळीचा दुसरा फायदा असा की, तीव्र उतारावर पुढचे चाक दगडात किंवा खड्ड्यात अडले तरी स्वार हँडलवरून पालथा फेकला जाण्याची शक्यता कमी होते. मात्र हा लाभ विनामूल्य नाही. संथ गतीच्या चढावर अशा सायकलीचे पुढचे चाक एका बाजूला कलंडू पाहते आणि अरुंद वळणावर ती जास्त जागा घेते.

जुन्या श्विन सायकलींचा हा कोन सुमारे ६८ अंशांचा होता आणि पहिल्या कारागिरांनी तोच थोड्याफार फरकाने उचलला होता. पण १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात क्रॉस-कंट्री, म्हणजे लांब पल्ल्याच्या चढउतारांच्या शर्यतींना महत्त्व आले, चढावर चपळ असणारी सायकल जिंकू लागली आणि रस्त्यावरील शर्यतीच्या सायकलीच्या धर्तीवर हा कोन ७१ अंशांपर्यंत उभा करण्यात आला. हँडलला सांगाड्याशी जोडणारा स्टेम हा तुकडा तेव्हा १२ सेंटीमीटर किंवा त्याहूनही लांब असे आणि हँडल जेमतेम ५८ सेंटीमीटर रुंद असे. चढावर पुढे झुकून जोर लावण्यास ही मांडणी सोयीची असली, तरी उतारावर स्वाराचा भार पुढच्या चाकावर येऊन तो धोक्यात येई. १९९० मध्ये कोलोराडोतील दुरँगो येथे या खेळाची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि १९९६ मध्ये अटलांटा ऑलिम्पिकमध्ये त्याचा समावेश झाला, तेव्हा हीच भूमिती प्रमाण मानली जात होती.

तिला पहिला ठळक छेद दिला तो गॅरी फिशरच्या कंपनीने १९९८ च्या सुमारास आणलेल्या, लांब सांगाडा आणि आखूड स्टेम असलेल्या रचनेने. त्यानंतर २०१२ च्या सुमारास स्पेनमधील मोंद्राकर कंपनीने हा विचार टोकाला नेला आणि सांगाडा इतका लांबवला की स्टेमची लांबी जवळजवळ शून्यावर आली. येथे रीच ही संज्ञा महत्त्वाची ठरते. पॅडलांच्या मधल्या अक्षापासून पुढच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचे आडवे अंतर म्हणजे रीच. स्वार उभा राहून उतार उतरताना त्याला सायकलच्या मध्यभागी किती मोकळी जागा मिळते, हे त्यावरून कळते. मध्यम मापाच्या सायकलीत पूर्वी सुमारे ४० सेंटीमीटर असलेले हे अंतर आज ४५ सेंटीमीटरच्या आसपास आहे. त्याच वेळी स्टेम ४ ते ५ सेंटीमीटरवर आला, हँडल ७८ ते ८० सेंटीमीटर रुंद झाले, हेड अँगल ६४ ते ६६ अंशांपर्यंत कलता झाला आणि चढावर मागे सरकणारा भार सावरण्यासाठी सीटची नळी मात्र अधिक उभी करण्यात आली. यांपैकी एकाही बदलाला दुर्मीळ धातू किंवा गुप्त तंत्र लागत नाही. त्यामुळे बड्या कंपन्यांनी महागड्या सायकलींवर वापरलेली भूमिती दोन-तीन वर्षांत स्वस्त सायकलींवरही उतरली.

मग जास्त पैसे नेमके कशासाठी मोजावे लागतात? अॅल्युमिनियमऐवजी कार्बन तंतूंचा सांगाडा घेतल्यास वजन साधारण अर्धा ते पाऊण किलोने घटते. त्यासाठी कार्बनचे पातळ थर साच्यात हाताने, ठरावीक दिशेने रचावे लागतात आणि हे मजुरीचे काम खर्चिक असते. दुसरा मोठा खर्च धक्के शोषणाऱ्या पुढच्या चिमट्याचा आणि मागच्या शॉकचा असतो. धक्का बसल्यावर दबणे हे साध्या स्प्रिंगलाही जमते, पण दबल्यानंतर किती वेगाने पूर्ववत व्हायचे हे तेलाच्या झडपांनी ठरवावे लागते, आणि या नियंत्रणालाच, म्हणजे डँपिंगलाच, खरी किंमत असते. ते नसेल तर चाक दगडावरून उसळते आणि जमिनीशी त्याचा संपर्क तुटतो. या दर्जापर्यंत खर्च सार्थ ठरतो. त्यापुढे मात्र प्रत्येक हजार डॉलरमागे मिळणारा फरक घटत जातो आणि शर्यतीत न उतरणाऱ्या स्वाराला तो अनेकदा जाणवतही नाही. अमेरिकी कंपनी स्रॅमने २०१२ मध्ये पुढे एकच दातेरी चक्र आणि मागे अकरा चक्रे असलेली गिअरव्यवस्था महाग सायकलींसाठी आणली होती. तिचे बारा चक्रांचे वंशज आज त्याच कंपनीच्या कमी किमतीच्या श्रेणीतही मिळतात.

ग्राहकाच्या बदललेल्या वागण्याला पहिले वळण दिले ते थेट विक्रीने. परंपरेने विक्री किमतीचा साधारण तिसरा हिस्सा दुकानदाराच्या वाट्याला जात असे, आणि त्या मोबदल्यात तो माप पाहून देई, सायकल जोडून देई, पुढे दुरुस्तीही करी. जर्मनीतील कॅन्यन आणि वायटी, अंडोरातील कोमेन्साल या कंपन्यांनी हा दुवा वगळून खोक्यात घालून सायकल ग्राहकाच्या घरी पाठवली आणि तेवढ्याच पैशांत वरच्या दर्जाचे भाग देऊ केले. कॅन्यनने २०१७ मध्ये अमेरिकेत पाय ठेवला आणि २०२२ मध्ये दुकानांच्या जाळ्यावर उभ्या असलेल्या स्पेशलाइज्डलाही तेथे घरपोच विक्री सुरू करावी लागली. दुकानात सायकल चालवून पाहण्याची सोय गेल्यामुळे ग्राहक कोनांचे आणि लांबीचे तक्ते वाचू लागला. आपल्या जुन्या सायकलीचा रीच किती आणि नव्या सायकलीचा किती, याची तुलना हीच त्याची चाचणीफेरी झाली. एके काळी केवळ सांगाडे बनवणाऱ्यांच्या वहीत राहणारे आकडे अशा रीतीने सामान्य स्वाराच्या बोलण्यात आले.

दुसरे वळण करोना साथीने दिले. २०२० आणि २०२१ मध्ये घराबाहेरच्या व्यायामासाठी सायकलींना एवढी मागणी आली की दुकाने रिकामी झाली आणि काही सुट्या भागांसाठी वर्षभराहून अधिक वाट पाहावी लागली. किमती वाढल्या, तरी ग्राहक मिळेल ती सायकल घेत होते. विक्रेत्यांनी आणि कंपन्यांनी या मागणीला कायमची समजून दुप्पट-तिप्पट मागण्या नोंदवल्या. तो माल गोदामांत येऊन पोहोचला तेव्हा मागणी ओसरली होती. २०२३ मध्ये शिमानो या सायकलींचे सुटे भाग बनवणाऱ्या जपानी कंपनीची एकूण विक्री आदल्या वर्षाच्या तुलनेत सुमारे एक चतुर्थांशाने घसरली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये विगल आणि चेन रिअॅक्शन या नावांनी चालणारी ब्रिटनमधील मोठी ऑनलाइन विक्री कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तर त्याच सुमारास कोना कंपनीने काही डोंगरी सायकलींवर एका सायकलीच्या किमतीत दुसरी फुकट देऊ केली.

अशा सवलतींचा परिणाम गोदामे रिकामी होण्यापुरता मर्यादित राहत नाही. छापील किंमत ही खरी किंमत नव्हे, अशी ग्राहकाची एकदा खात्री पटली की तो हंगामाच्या सुरुवातीला खरेदी करणे सोडून सवलतीची वाट पाहतो. वापरलेल्या सायकलींच्या बाजारालाही त्याचा तडाखा बसला, कारण नवी सायकलच निम्म्याजवळ मिळू लागल्यावर जुनीचा भाव आपोआप कोसळतो. कोलोराडोतील ‘द प्रोज क्लॉझेट’ हा वापरलेल्या सायकलींचा मोठा व्यवसाय २०२४ मध्ये बंद झाला. त्यातच मापांच्या बदलत्या प्रमाणांनी जुन्या सायकलींचे आयुष्य आधीच कमी केले होते. चाकांचा व्यास २६ इंचांवरून साडेसत्तावीस आणि २९ इंचांवर गेला, मागच्या हबची रुंदी १३५ मिलिमीटरवरून १४२ आणि पुढे १४८ झाली, आणि प्रत्येक बदलाबरोबर जुन्या सांगाड्यावर नवा भाग बसेनासा झाला. म्हणूनच आजचा जाणकार ग्राहक सायकल किती हलकी आहे हे विचारण्याआधी तिचे भाग पाच वर्षांनी मिळतील का, असे विचारतो.

भारतात, आणि म्हणून महाराष्ट्रातही, किंमत आणि हाताळणी यांचा प्रश्न वेगळ्या रूपात समोर येतो. परदेशातून पूर्ण तयार येणाऱ्या सायकलींवरील मूळ सीमाशुल्क २०२३ च्या अर्थसंकल्पात ३० वरून ३५ टक्के झाले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलींवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तरी आयात केलेली चांगली डोंगरी सायकल लाखांच्या घरातच राहते. दुसऱ्या टोकाला, पंधरा-वीस हजार रुपयांच्या आत ‘एमटीबी’ म्हणून विकली जाणारी सायकल बहुधा जाड टायर आणि पुढे शॉकअप, म्हणजे धक्के शोषणारा चिमटा, लावलेली शहरी सायकल असते. तिच्या चिमट्यात स्प्रिंग असते पण डँपिंग नसते, त्यामुळे खड्ड्यात तिची मदत थोडी आणि चढावर उभे राहून पॅडल मारताना जोर वाया जाणे मात्र निश्चित असते. या किमतीत मागेही शॉक असेल, तर सांध्यांचा आणि वजनाचा बोजा वाढतो, उपयोग वाढत नाही. रोज डांबरी रस्त्यावरून जाणाऱ्याने तेवढ्याच पैशांत शॉकअप नसलेली हायब्रिड सायकल घेतल्यास त्याला हलकी आणि कमी दुरुस्तीची सायकल मिळते. आणि ज्याला खरोखर घाटवाटा उतरायच्या आहेत त्याने दिखाऊ शॉकअपपेक्षा चांगले डिस्क ब्रेक, रुंद पकडीचे टायर आणि आपल्या उंचीला साजेसा रीच यांवर पैसे खर्च करणे हिताचे ठरते.

विजेवर चालणाऱ्या डोंगरी सायकलींनी या गणितात अलीकडे नवी भर घातली आहे. मोटर आणि बॅटरी या वस्तू भूमितीसारख्या फुकट उचलता येत नाहीत. त्यांची किंमत मोजावीच लागते आणि वजनही बहुधा वीस किलोच्या पुढे जाते. त्यामुळे त्या श्रेणीत किमतीची शिडी पुन्हा उंच होत आहे. साध्या सायकलीच्या बाबतीत मात्र परिस्थिती उलटी आहे. कलत्या कोनाचा आणि लांब सांगाड्याचा भार सोसण्यासाठी पुढचा सांधा मजबूत करावा लागतो एवढा खर्च सोडला, तर आधुनिक भूमिती कोणत्याही कारखान्याला उपलब्ध आहे आणि तिच्यावर ना सीमाशुल्क लागते ना स्वामित्वशुल्क. लुधियानासारख्या उत्पादनकेंद्रांनी निरुपयोगी शॉकअपवरचा खर्च वाचवून तो चांगल्या सांगाड्यात घातला, तर सामान्य भारतीय ग्राहकाच्या खिशाला परवडणारी आणि डोंगरावर खरोखर चालणारी सायकल बनवणे अशक्य नाही. पण दुकानात शिरणारा ग्राहक जोवर शॉकअप मोजतो आणि कोन विचारत नाही, तोवर कारखान्यालाही तसे करण्याचे कारण नाही.